दिगूआबांचं एकोणिसावं पान

आमच्या शेजारचे दिगूआबा जेवायला बसले की आधी ताटात हद्दी पाडतात. उजवीकडं भाजी, डावीकडं चटणी, वरच्या अंगाला भाकरी आणि मधून बोटभर मोकळा रस्ता. आमटीचा ओघळ चटणीला लागला तर आबा हात आखडता घेतात आणि म्हणतात, "अतिक्रमण झालं." एकदा मी वाटी न घेता त्यांना थेट ताटातच खीर वाढली. खीर ती, ती कशाला हद्दीत राहतेय? आबा अर्धा तास भाकरीच्या तुकड्यांचे बांध घालत बसले. खीर गार झाली आणि माझं डोकं गरम झालं.

आबा सरकारी मोजणीदार होते. इंदापूर तालुक्यात जिथं आबांनी मोजणीची साखळी ओढली नाही असा बांध सापडायचा नाही. नकाशे हातानं काढायचे, काळ्याभोर शाईनं. पुढं आकाशातून मोजणारी यंत्रं आली आणि आबा निवृत्त झाले. काकी गेल्यापासून एकटेच असतात. नोकरी सुटली तरी बोलणं मात्र सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आबा, बीपी वाढलंय," तर आबा विचारतात, "मूळ नकाशा कुठाय? आधी किती हुतं?" कुणी म्हणालं, "या एकदा घरी," तर लगेच, "तारीख द्या." माझी तुळशीची कुंडी चार बोटं त्यांच्या जागेत आहे, हे त्यांनी मला चुन्याची रेघ ओढून दाखवलंय. मी म्हणाले, "काढून टाका मग." तर म्हणतात, "तुळशीला नोटीस काढता येत न्हाय, सुनंदे."

तर असा हा माणूस गेल्या वर्षी चित्रकार झाला, आणि त्याला कारण मी.

मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत आहे. आम्ही आठ-दहा बायका दिवसभर दुधाचं फॅट तपासतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर एकमेकींना उपदेश पाठवतो. सप्टेंबरच्या शेवटी कुणीतरी टूम काढली: ऑक्टोबर महिनाभर रोज एक चित्र काढायचं, शाईनंच काढायचं. रोज एक शब्द ठरलेला, त्यावरच चित्र. एकतीस दिवस, एकतीस चित्रं. जगभर लोक करतात म्हणे. मी पहिल्यापासून आरंभशूर! लगेच वही आणली, पेन आणला. पहिला शब्द होता 'शिंग'. मी म्हैस काढली. ग्रुपवर उत्तर आलं, "सोफा छान जमलाय गं." चौथ्या दिवशी मी वही ओट्यावर टाकली आणि भाजी निवडायला बसले.

आबांनी वही उचलून चाळली. "पुढचं?"

"सोडलं. वेळ कुठाय आबा?"

मी त्यांची साखळी चोरल्यासारखं बघितलं त्यांनी माझ्याकडं. "एकदा मोजणी लावली की अर्ध्या वावरातनं साखळी गुंडाळून जाता येत न्हाय. एकतीस म्हंजे एकतीस. आण हिकडं."

घेतली वही. मला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली. पण तासाभरात आबा परत दारात. त्या दिवशीचा शब्द होता 'गोगलगाय'.

"मूळ नकाशा कुठाय?"

"अहो, गोगलगायीचा कसला नकाशा? डोक्यातनं काढा की!"

"डोक्यातनं काढत बसलो असतो तर कवाच निलंबित झालो असतो," आबा म्हणाले. "जुन्यात जुनं रेकॉर्ड दाखव."

मी वैतागून फोनवर 'जुनी हस्तलिखितं, चित्रं, गोगलगाय' असं काहीतरी टाकलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिकडं परदेशातल्या ग्रंथालयांनी सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या हातानं लिहिलेल्या पोथ्या पानापानानं फोनवर आणून ठेवल्यात. मधे देवाधर्माचा मजकूर, एका ओळीत, एका मापात. आणि कडेच्या समासात बघावं, तर चिलखत घातलेला एक सरदार, आणि त्याच्यासमोर बोकडाएवढी गोगलगाय! सरदाराची तलवार खाली पडलेली आणि त्यानं गुडघे टेकून तिला हात जोडलेले.

आबा बराच वेळ बघत राहिले. मग असे हसले, असे हसले की मी पाणी आणायला उठले. "अगं, ह्यो तर आपला पपईवाला बाळू! औषध मारून मारून दमला, आता हात जोडतोय!"

त्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी लोकांच्या पपईचे प्लॉटच्या प्लॉट खाल्ले होते. आबांनी तेच चित्र काढलं, फक्त सरदाराच्या डोक्याला टॉवेल बांधला आणि पाठीवर फवारणीचा पंप दिला. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. सोफा म्हणणारीनंच लिहिलं, "हे कुणी काढलं? खरं सांग."

झालं! रोज सकाळी सहाला आबा दारात. "आजचं रेकॉर्ड दाव." कुत्र्याला बांधून नेणारे ससे, बासरी वाजवणारं माकड, पाद्र्याचे कपडे घातलेला कोल्हा, सगळं त्या पोथ्यांच्या कडेला सापडायचं. आबांना तर घबाड लागलं. "बघ, मधल्या वावरात समदं शिस्तीत," ते म्हणायचे, "खरी भानगड बांधावर. नोकरीभर मी ह्येच सांगत हुतो, कुणी ऐकलं न्हाय."

मग ते आपल्याकडच्या पोथ्यांकडं वळले. घरात लाल कापडात बांधलेली एक पोथी होती, त्यांच्या पणजोबांच्याही आधीची. ती सोडली आणि माझ्या घरावर संक्रांत आली. आबांना दुकानातली शाई चालेना. पोथीवाल्यांसारखी घरीच करायची. माझ्या समईवर काजळ धरलं, बाभळीचा डिंक आणला आणि माझ्याच खलात घोटत बसले. आठवडाभर आमच्या चहाला डिंकाचा वास. वर हळद मागायला आले.

"हळद कशाला आता? शाईला फोडणी घालताय?"

"चुकीला लागती," आबा म्हणाले. त्यांनी पोथीचं पान उजेडाला धरून दाखवलं. काही अक्षरांवर पिवळा लेप होता. "लिहिणाराचं चुकलं तर तो खाडाखोड करत न्हवता. चुकल्या जागी हरताळ फासायचा, पिवळा. लपवायचं न्हाय. बघणाराला कळायला पायजे, हितं चुकलं हुतं. हरताळ इखारी असतो, म्हणून हळद."

हरताळ फासणं मी जन्मभर बोलण्यात वापरलं, पण ते असं पिवळं असतं हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

त्याच पोथीच्या शेवटच्या पानावर आबांना आपलं आवडतं वाक्य मिळालं. पोथ्या उतरवून काढणारे लोक शेवटी लिहून ठेवायचे की मला जसं दिसलं तसं मी लिहिलं, आता शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. आबांना हे इतकं पटलं की काय सांगावं! सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या शिव्या खाऊन हेच ऐकवलं होतं. लगेच प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात लिहायला लागले: 'जसे दिसले तसे काढले. दोष माझा नाही.'

त्याचा उपयोगही झाला. एका दिवशीचा शब्द होता 'नजर'. आबांनी जुन्या जैन पोथ्यांमधली चित्रं शोधली. त्यात चेहरा बाजूनं असतो, पण पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या रेषेबाहेर येऊन तुमच्याकडं बघतो. आबा खूश. "पल्याडचा डोळा दिसत न्हाय, पण हाय ना? मग सोडायचा कसा? ह्येला म्हणायची इमानदारी." आणि मॉडेल म्हणून निवडलं कुणाला, तर तहसीलसमोर बसणाऱ्या श्रीपती अर्जनवीसाला. चित्र पार तहसीलच्या शिपायापर्यंत पोचलं. संध्याकाळी श्रीपती तणतणत आला.

"आबा, माझा डोळा भाईर का काढला?"

"आत ठिवला असता तर एकच दिसला असता. तुला एकच हाय व्हय?"

"अवो, लोक हसाय लागल्यात!"

आबांनी नुसतं चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. श्रीपतीनं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "ह्ये माझ्या अर्जाखाली पण टाकत जावं का?"

असे महिन्याचे अठरा दिवस गेले. विसाव्या दिवशी सकाळी मी फोटो काढायला वही उघडली, तर विसावं चित्र तयार आणि एकोणिसावं पान कोरं.

"आबा, कालचं?"

"न्हाय जमलं."

मी यादी बघितली. शब्द होता 'झाड'.

"झाड न्हाय जमलं? कोल्ह्याला कपडे घातलेत तुमी! झाड म्हणजे काय, एक बुंधा आणि चार फांद्या."

"मूळ नकाशा न्हाय त्याचा," म्हणाले आणि वही मिटली.

मला राग आला. माझ्या वहीत कोरं पान! मी सोडलं तेव्हा मला केवढं ऐकवलं होतं. मी फोनवर शंभर झाडं काढून दाखवली. सोन्याच्या पानांची, पोपटांची, साप गुंडाळलेली. आबा बघायचे आणि मान हलवायचे, "ह्ये न्हवं." मी म्हणाले, "परसातला शेवगा काढा मग, तो तर जित्ता उभा हाय!" त्यावर आबा उठून आपल्या हद्दीत गेले. आबांनी उलटून बोलायचं सोडलं म्हणजे काळजीचं काम.

त्या संध्याकाळी आबा आपणहून आले आणि माझ्या पायरीवर बसले. माझ्या बाजूच्या पायरीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आक्काला तू बघितलं न्हाईस," ते म्हणाले.

आबांना थोरली बहीण आहे, हे मला तेव्हा कळलं. भवानीनगरला असते, साखर कारखान्याजवळ. आई-वडील गेल्यावर आक्कानं हक्कसोड करून दिलं. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावावर सोडला, आपल्याकडं बहुतेक बहिणी करतात तसं. तहसीलमध्ये अंगठा उमटवताना ती एवढंच म्हणाली होती, "मला वावर नगं दिगू. बांधावरची जांभळ तेवढी राखून ठेव." त्या जांभळीला तिचा झोका असायचा.

पुढं बांधाशेजारच्या चुलत भावानं मोजणी मागवली. मोजायला आबांच्याच हाताखालचा माणूस आला. साहेबांचं झाड म्हणून त्यानं जांभळ आबांच्या बाजूला धरली आणि खूण रोवायला लागला.

"मी म्हणलं, थांब. मूळ नकाशा बघ. खूण दीड हात अलीकडं येती," आबा म्हणाले. "झाड चुलत भावाचं निघालं. खरं तेच सांगितलं मी, सुनंदे. सगळ्या तालुक्याला एक न्याय आन मला दुसरा, असं कसं?"

"मग?"

"मग त्यानं म्हैन्यात तोडली. ट्रॅक्टरला वाट केली."

"आणि आक्का?"

आबा पायरीवरचा खडा उचलून बघत राहिले. "तिला कळवलं न्हाय मी. दीड हात वावर बदल्यात दिलं असतं तर झाड ऱ्हायलं असतं. तेबी सुचलं न्हाय. दिवाळीला आली ती थेट बांधावर गेली. बुडका बघितला. म्हणली, तुझा कागद खरा, मी खोटी. त्या साली ओवाळलं न्हाय. पुन्ना आली न्हाय आन बोलावलंबी न्हाय. बारा वर्सं झाली."

आबांचं खरं होतं आणि आक्काचंही खरं होतं. मला आबांचा भयंकर राग आला आणि त्यांची कीवही आली. मी चहा ठेवला.

पुढचे दिवस चित्रं येत राहिली. पण आबा रोज वही उघडली की एकोणिसावं पान उलटून पुढं जायचे. एकतिसावं चित्र झालं, दिवा काढला होता, ग्रुपवर बायकांनी फुलंबिलं पाठवली. त्या वर्षी दिवाळी महिना सरता सरताच आली होती. आबा वही माझ्या हातात देत म्हणाले, "तीसच झाली. मोजणी अपुरी."

तेव्हा मात्र माझी जीभ सुटली. "आबा, उगं फोन धुंडाळू नका. त्या झाडाचा मूळ नकाशा कुठल्याच पोथीत न्हाय, तुमच्या डोक्यात हाय. तिथनं काढा. आता कोण निलंबित करतंय तुमाला?"

आबा वही परत घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. मी फार बोलले का काय, म्हणून मला रुखरुख लागली.

दुसऱ्या दिवशी मी बसला निघाले. दुधाला दिवाळीची सुट्टी नसते. आबा दारात उभे, हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद. वहीतलं एकोणिसावं पान. "भवानीनगरला उतरशील का जरा?"

बसमध्ये मी तो कागद बघितला. जांभळीचं झाड होतं, पानन् पान काढलेलं. फांदीला झोका, झोक्यावर दोन वेण्यांची पोरगी, आणि खाली चड्डीतला एक पोरगा तोंड उघडून जांभूळ पडायची वाट बघतोय. बुंध्याखालून बांधाची हद्द गेली होती, आबांच्या त्या सरळ रेघेत. आणि त्या रेघेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळद फासलेली होती. खाली लिहिलं होतं: 'जसे होते तसे काढले. दोष माझा आहे.'

समोरच्या बाईनं विचारलं, बरं नाही का. मी म्हणाले, हळद गेली डोळ्यात.

भवानीनगरला उतरले. कारखान्याच्या रस्त्यानं विचारत विचारत आक्काचं घर काढलं. आक्का अंगणात शेवेचा घाणा काढत होती. पंचाहत्तरीच्या आसपासची, काटक, आणि बघणं थेट आबांचं. "दिगूआबांनी पाठवलंय," म्हटल्यावर तिनं कढई उतरवली, हात पुसले आणि चष्मा शोधायला एवढा वेळ लावला की मला वाटलं आतच राहते.

बाहेर येऊन कागद धरून बसली. बोट फिरवत गेली झाडावरून, झोक्यावरून, रेघेवर थांबली.

"ह्ये पिवळं काय सांडलंय?"

"सांडलं न्हाय आक्का. जुन्या पोथ्यांमधे चुकलं तिथं असं पिवळं फासतात. बघणाराला कळावं म्हणून."

मग तिनं मला खालची ओळ वाचायला लावली. मी वाचली. पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचली. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि एकदम फटकारलं, "फांदी चुकलीय! झोका हिरीच्या अंगाला हुता. ह्येला आयुष्यात कधी दिशा कळली न्हाय, आन म्हणं मोजणीदार!"

मी कागद परत घेऊ की नको, अशी उभी.

"त्येला सांग," ती कागद माझ्या हातात देत म्हणाली, "मूळ नकाशा माझ्यापाशी हाय. कागद घिऊन ये आन दुरुस्ती करून जा. भाऊबीजेची तारीख दिली म्हणावं."

संध्याकाळी मी हा निरोप दिला, तेव्हा आबा ओट्यावर टाक धूत होते. टाक तसाच हातात राहिला.

"तारीख दिली?" ते म्हणाले. "तोंडी का लेखी?"

"तोंडी."

"चालंल," म्हणाले, आणि तोंड फिरवून तुळशीपाशी गेले. उगीचच तिला पाणी घातलं. सकाळी मी घातलेलंच होतं.

भाऊबीजेला आबा माझ्याबरोबर बसला आले. कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर शाईची बाटली दोन फडक्यांत गुंडाळलेली. रस्ताभर ती बाटली सरळ धरून बसले. भवानीनगरला मी त्यांना उतरवलं आणि पुढं कामावर गेले. दिवसभर माझं दुधात लक्ष नव्हतं.

परतीच्या बसला आबा थांब्यावर उभे होते. कपाळावर कुंकवाचा टिळा, त्यावर अक्षता चिकटलेल्या, काखेत डबा.

"जेवलात?"

"जेवलो की. आक्कानं भातावर आमटी ओतली आन वरनं बासुंदी."

"मग? बांध घातले का न्हाय?"

"तिच्या घरात मला कुठली हद्द," आबा म्हणाले.

मग त्यांनी कागद काढून दाखवला. विहिरीच्या बाजूला आता एक नवी फांदी होती. जाड, थरथरती, जन्मात टाक न धरलेल्या हातानं ओढलेली. झाडातून निघून, समास ओलांडून, ती पार कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, आणि तिला एक वाकडातिकडा झोका लटकत होता. आबांनी तिला हात लावला नव्हता.

"आबा," मी म्हणाले, "फांदी वाकडी आलीय की. आन हद्दीच्या भाईर गेलीय."

आबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि नीट बघितला.

"व्हय," ते म्हणाले. "मुळात तशीच हुती."